बोल्टावरची जांभळी रेघ

ऐंशी वर्षांच्या माणसाने साठीच्या बाईला 'काकू' म्हणण्यात काही वावगं आहे, असं त्या केंद्रात कुणालाच वाटत नसे. केंद्र म्हणजे म्हाताऱ्यांची दिवसभराची सोय. सकाळी घरातल्यांची धावपळ सुरू झाली की इथे यायचं, पेपर वाचायचा, पत्ते कुटायचे, एकमेकांची दुखणी ऐकून घ्यायची आणि पाचला घरी परतायचं. नेणं-आणणं काकूंकडे. साडेआठपासून पांढरी व्हॅन हॉर्न न वाजवता एकेकाच्या दाराशी उभी राहिली की आतून काठ्या आणि चष्मे शोधण्याची एकच गडबड उडायची. "आल्या, आल्या, काकू आल्या!"

पुरतं नाव पानाकाकू. नव्याने येऊ लागलेल्या एका आजींनी पहिल्याच दिवशी भाबडेपणाने विचारलं होतं, "पुस्तकांची पानं का हो?" तेव्हा काकूंनी सीटखालून हातभर लांब चाकाचा पाना काढला आणि अलगद त्यांच्या मांडीवर ठेवला. "हा तो पाना. वाचायचा असेल तर वाचा, पण उतरताना परत द्या."

काकूंचे हात बघण्यासारखे होते. बोटं लांब, निमुळती, आणि नखांच्या कडांना कायमची बसलेली काळी किनार. या हातांनी एके काळी राजे, राण्या, भिकारी, दरोडेखोर घडवले होते. तरुणपणी त्या एका फिरत्या नाटक कंपनीत रंगभूषा करायच्या. पडदा उघडायच्या आधी दोन तास त्यांच्यापुढे रांग लागायची, आणि पडदा पडल्यावर मात्र त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. मग त्या रंगाची पेटी बंद करायच्या आणि कंपनीच्या बसकडे जायच्या.

ती बस म्हणजे अस्सल म्हातारी नटी. रोज नवं गाव, रोज नवं दुखणं. चालक एकटाच तिच्या पोटाखाली शिरून खटपट करत असायचा. काकू आधी त्याला नुसता दिवा धरायला गेल्या. दिवा धरता धरता पाने धरू लागल्या, आणि पाने धरता धरता शेवटी चालकालाच धरून ठेवलं, असं कंपनीतले लोक म्हणत. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली. चालकाची पाठ गेली, कंपनी गेली, बस भंगारात गेली. रंगाची पेटी तेवढी राहिली. तिच्यात आता पकडी, पाने, ब्रश आणि फडकी असतात. पण झाकण उघडलं की अजून पावडरीचा वास येतो.

आणि त्या पेटीत राहिली ती नेलपॉलिशची बाटली. तिची हकिगत अशी. एकदा बसचं चाक बदलताना चालकाला कुणीतरी हाक मारली. परत येऊन बघतो तर कुठले नट आवळले आणि कुठले राहिले, काही केल्या आठवेना.

"सगळे आवळलेत मी," तो म्हणाला.

"कशावरून?"

"तसं वाटतंय."

"वाटण्यावर चाळीस माणसं बसवायची?"

काकूंनी त्याच्याकडून एकेक नट पुन्हा आवळून घेतला, आणि जो आवळला त्याच्यावरून थेट चाकापर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढली. वाळली की झाली मोहोर. रेघ अखंड आहे तोवर नट जागचा हललेला नाही. रेघ तुटली की समजावं, कुणीतरी हात लावलाय. त्या दिवसापासून बसच्या प्रत्येक नटबोल्टावर रेघ आली, आणि दर सर्व्हिसिंगला नवा रंग. "हिला इतकं नटवलंस," चालक म्हणायचा, "की मला हिच्याबरोबर रस्त्यावर जायची लाज वाटते."

केंद्राची जुनी व्हॅनही चौदा वर्षं अशीच सजत आली. सुट्टीच्या दिवशी काकू केंद्राच्या मागच्या अंगणात यायच्या, कंपनीच्या मखमली पडद्याचा उरलेला तुकडा फरशीवर अंथरायच्या आणि त्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकायच्या. मग खालून आवाज यायचा. "तेल उतरलं! फिल्टर नवा! बोल्ट बंद! रेघ!" ऐकायला कुणी नसलं तरी त्या प्रत्येक काम मोठ्याने पुकारत, कारण पुकारलेलं काम विसरत नाही असा त्यांचा अनुभव होता. चौदा वर्षांत ती गाडी एकदाही रस्त्यात बसली नाही. शेवटी पत्राच गंजला, तेव्हा एका देणगीदाराने केंद्राला नवी कोरी व्हॅन दिली.

नवी व्हॅन आली त्याच दिवशी मॅनेजरबाईंनी काकूंना आत बोलावलं. बाई बत्तीस वर्षांच्या, सरळ, कष्टाळू. आधी एका इस्पितळाच्या कचेरीत होत्या, त्यामुळे कागदावर नाही ते झालंच नाही, अशी त्यांची पक्की समजूत.

"काकू, या गाडीला पाना लावायचा नाही. तीन वर्षं वॉरंटी आहे. सर्व्हिसिंग डीलरच्या वर्कशॉपमध्येच. पुस्तकात शिक्का हवा."

"आणि टायरमधली हवा? ती तरी भरू, की तिलाही शिक्का लागतो?"

"मी चेष्टा करत नाहीये काकू."

"मी तरी कुठे करतेय? चौदा वर्षं तेल मी बदललं. एकदा तरी बसली गाडी?"

"नाही बसली. पण बसली असती तर मी काय दाखवलं असतं? तुमचे हात?"

काकूंनी हात पुढे करून नीट न्याहाळले. "वाईट नाहीत तसे."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "उद्या ब्रेक लागला नाही आणि गाडीतल्या सात जणांपैकी कुणाला काही झालं, तर घरचे मलाच विचारणार ना, गाडी कुणी तपासली होती? आमच्या काकूंनी, सुट्टीच्या दिवशी, पडद्यावर झोपून, असं सांगू? माझंही जरा बघा. तुम्ही ऐकलं नाहीत, तर चावी दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल. मला आवडणार नाही. पण देईन."

त्या देतील, हे काकूंना दिसलं. साठीच्या बाईला दुसरीकडे कोण गाडी देणार? आणि सकाळी साडेआठला जायचंच नसेल, तर सहाला उठायचं तरी कशाला? त्यांनी मान डोलावली. पाना लावायचा नाही म्हणजे नाही.

पण रंगाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. शिवणबाई नावाच्या आजी होत्या. साठ वर्षं मशीन चालवलेल्या, आणि अजूनही पायाची बोटं रंगवण्याची हौस असलेल्या. त्यांच्याकडून काकूंनी जांभळी बाटली मागून घेतली. त्याच संध्याकाळी पडदा अंथरला, आणि इंजिनाचं तेल ज्यात साठतं त्या चेंबरच्या तळाच्या बोल्टावर, चाकांच्या नटांवर, बॅटरीच्या टोकांवर, एअर फिल्टरच्या खोक्याच्या चारही क्लिपांवर बारीक जांभळ्या रेघा ओढल्या. काहीही उघडलं नाही. नुसती ओळख करून घेतली.

पहिल्या सर्व्हिसिंगला काकू स्वतःच गाडी घेऊन गेल्या. वर्कशॉप चकचकीत होतं. गिऱ्हाइकांनी काचेच्या या बाजूला गुबगुबीत खुर्च्यांवर बसायचं आणि मशीनचा चहा प्यायचा; गाडी काचेच्या त्या बाजूला एका दाराआड जाणार. तीन तासांनी ती धुऊनपुसून बाहेर आली. सोबत एक यादी, बेचाळीस कामं, बेचाळीस टिका. इंजिन ऑइल बदललं, टीक. एअर फिल्टर साफ केला, टीक. आणि पुस्तकात गोल निळा शिक्का.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातही जणांना केंद्राच्या अंगणात उतरवून झाल्यावर काकूंनी आधी बॉनेट उघडून आत नजर टाकली, मग पडदा अंथरला. बघायला तर बंदी नव्हती. त्या आत सरकल्या. टॉर्चचा उजेड एकेका रेघेवरून फिरला. मग त्या बाहेर आल्या, उभ्या राहिल्या, रुमालाने हात पुसले आणि ओरडल्या,

"मॅडम! बाहेर या!"

हा आवाज कधी रंगमंचावर गेला नव्हता. पण विंगेत उभं राहून शेवटच्या रांगेपर्यंत कसं पोचायचं, हे तो तीस वर्षं ऐकत शिकला होता. मॅनेजरबाई पेन हातात घेऊनच धावत आल्या. आत जायला निघालेले सातही जण जागीच थबकले.

"तेल बदललेलं नाही! चोर आहेत साले! बेचाळीस टिका मारल्या आणि तेलाला हातसुद्धा लावला नाही!"

"काकू, हळू. डिपस्टिक बघितलीत का? तेल काळं आहे का?"

"डिझेलची गाडी आहे. नवं तेलही दोन दिवसांत काळं होतं. रंगावर मी जात नाही. पण तळाचा बोल्ट उघडल्याशिवाय तेल बाहेर येतं का? माझी रेघ जशीच्या तशी आहे. केसाएवढीसुद्धा चीर नाही!"

जज्जसाहेबांनी घसा साफ केला. ते खरोखरच न्यायाधीश होते, निवृत्त. "पुरावा सकृद्दर्शनी भक्कम आहे," ते म्हणाले.

"काय झालं?" बॉयलर आजोबांनी विचारलं. त्यांचा जन्म गेला कारखान्याच्या बॉयलरवर, आणि कान गेले तेही तिथेच.

"चोरी!" शिवणबाई त्यांच्या कानात ओरडल्या.

"कुणाची?"

"तेलाची!"

"काकू," मॅनेजरबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या वर्कशॉपने खोटा शिक्का मारला, असं म्हणताय तुम्ही?"

काकू आता पुऱ्या रंगात आल्या होत्या. "म्हणतेय. चला माझ्याबरोबर आजच. तेल बदललेलं निघालं, तर या गाडीची चावी तुमच्या टेबलावर ठेवते. पुन्हा मागणार नाही. सगळ्यांच्या देखत सांगते!"

दुपारी त्या जेवायला घरी गेल्या. यजमान खिडकीशी कंबरेला पट्टा बांधून मटार सोलत बसले होते.

"अहो, तेल खालूनच काढतात ना?"

"मग काय वरून? शिडी लावून?" त्यांनी एक शेंग फोडली. "तेल काय डोंगर चढतं? का गं?"

काकूंनी सगळं सांगितलं. चावीपर्यंत आल्यावर यजमानांचा हात थांबला.

"चावी लावलीस पणाला? मला न विचारता?"

"विचारलं असतं तर काय म्हणाला असता?"

त्यांनी विचार केला. "लाव म्हणालो असतो. माझीसुद्धा लाव."

"तुमच्याकडे कसली चावी आहे?"

"घराची आहे की!"

दोघंही हसले. चाळीस वर्षं दोघांनी मिळून किती बोल्ट उघडले असतील, याची गणती नाही. प्रत्येक वेळी तेल खालूनच आलं होतं.

वर्कशॉपमध्ये फोरमन भेटला. पन्नाशीचा, करड्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. काकूंचं सगळं म्हणणं त्याने मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मग दोघींना काचेच्या त्या बाजूला नेलं, व्हॅन लिफ्टवर चढवली आणि दिवा धरून खालून वर पाहिलं. बोल्टावर जांभळी रेघ चमकत होती.

"सुंदर आहे," तो म्हणाला. "कुणी काढली?"

"मी."

"हात अजिबात हललेला नाही."

"रोज चाळीस भुवया काढल्यात या हाताने. मुद्द्याचं बोला."

"बोल्ट आम्ही उघडलाच नाही."

काकू गर्रकन वळल्या. "ऐकलंत, मॅडम?"

"पण तेल बदललंय," फोरमन म्हणाला.

"कुठून? नाकातून?"

"जवळजवळ तसंच."

तो शेजारच्या गाडीपाशी गेला. तिथे चाकांवरचं एक यंत्र उभं होतं. वर काचेचं पिंप आणि त्याला एक लांब, बारीक नळी. त्याने त्या गाडीची तेल मोजायची डिपस्टिक उपसून बाजूला ठेवली, त्याच भोकातून नळी आत सोडली, तळाला टेकेपर्यंत सोडली, आणि बटण दाबलं. यंत्र घुरघुरलं. नळी काळी झाली. आणि काचेच्या पिंपात तेल चढू लागलं. खालून वर, सावकाश, बिनबोभाट.

काकू बघत राहिल्या. तेल डोंगर चढत होतं.

"इंजिन गरम असताना ओढून घेतो," फोरमन सांगत होता. "फिल्टरही या मॉडेलला वरूनच आहे, त्या प्लास्टिकच्या झाकणाखाली." त्याने व्हॅन खाली घेतली, झाकण काढलं, फिल्टरची टोपी फिरवून वर उचलली. फिल्टर तेलाने भिजलेला होता, पण घड्या ताठ होत्या, आणि वरच्या कडेला पेनाने तारीख लिहिली होती. कालची.

भलत्याच अंकात प्रवेश केलेल्या नटाला, समोरचे सगळे आपल्याकडे बघतायत हे कळल्यावर जे होतं, ते काकूंना झालं. पायाखाली फळी असते, पण ती आपल्या नाटकाची नसते. त्यांच्या कानशिलांना ऊब आली. चाळीस वर्षांची खात्री एका बोटाएवढ्या नळीने वर ओढून घेतली होती.

तरी त्यांच्यातली कारागीर गप्प बसली नाही. "तळाचा गाळ येतो का हो या नळीतून?"

"सगळा नाही येत," फोरमन प्रामाणिकपणे म्हणाला. "म्हणून दोन-तीन सर्व्हिसिंगनंतर एकदा खालचा बोल्टही उघडतो."

"हं." काकूंनी खाली पाहिलं. आणखी एक गोष्ट त्यांनी सकाळीच पाहिली होती, पण तेलाच्या रागात ती मागे पडली होती. आता बोलावं की नाही? नुकतंच तोंडावर आपटलेल्या माणसाने लगेच दुसरं तोंड उघडू नये, असं मन सांगत होतं. पण गाडीत सात जण बसणार होते.

"फोरमनसाहेब, हवा पण हल्ली नळीनेच साफ करता का?"

"म्हणजे?"

काकूंनी एअर फिल्टरच्या खोक्याकडे बोट दाखवलं. चार क्लिपा, चार रेघा, चारही अखंड. यादीत मात्र टीक होती. फोरमनने आधी क्लिपा बघितल्या, मग यादी बघितली, मग क्लिपा उघडल्या. फिल्टरच्या घड्यांत धूळ होती आणि एक वाळकं पान अडकलं होतं.

त्याने कुणाला हाक मारली नाही, कुणावर ढकललं नाही. "हे केलेलं नाही," तो म्हणाला. "नुसती टीक केलीय. वर्कशॉप माझ्या हाताखाली आहे, चूक माझी." त्याने स्वतः हवेच्या झोताने फिल्टर साफ केला, खोकं बंद केलं, यादीतली ती टीक खोडली, नवी केली आणि शेजारी सही केली. मग काकूंना म्हणाला, "बाटली आणलीय?"

काकूंनी पर्समधून बाटली काढली आणि चार नव्या रेघा ओढल्या. मॅनेजरबाई त्या खोडलेल्या टिकेकडे बघत होत्या. बाकीच्या एकेचाळीस टिका आता त्यांना जरा वेगळ्या दिसत असाव्यात. निघताना त्या फोरमनपाशी दोन मिनिटं थांबून काहीतरी बोलल्या.

परतीच्या वाटेवर सिग्नलला बाई म्हणाल्या, "शिक्का तर होता, काकू."

"शिक्का अजूनही आहे. आणि तेलही आहे. तेलाचं माझं चुकलं."

पाचला दहा कमी असताना त्या पोचल्या. काकू सरळ आत गेल्या आणि चावी टेबलावर ठेवली. अलगद ठेवली, आपटली असती तर ते नाटक झालं असतं.

"अहो, फिल्टरचं तर तुमचं बरोबर निघालं!" बाई म्हणाल्या.

"पैज फिल्टरवर नव्हती."

"सात जण बाहेर उभे आहेत. त्यांना घरी कोण नेणार?"

"तेच त्यांना विचारायला जातेय. सकाळी त्यांच्या देखत ज्या आवाजात चोर म्हणाले, त्याच आवाजात आता दुसरं काहीतरी म्हणायचंय. दबक्या आवाजात म्हटलं तर ते खरं नाही."

अंगणात सातही जण आपापल्या पिशव्या घेऊन उभे होते. काकू पायरीवर उभ्या राहिल्या.

"ऐका सगळे! सकाळी मी म्हणाले, वर्कशॉपवाल्यांनी तेल बदललं नाही. त्यांनी बदललं होतं. वरून, नळीने. अशी नळी असते हेच मला ठाऊक नव्हतं. मी कष्ट केलेल्या माणसांना चोर ठरवलं. माझं चुकलं!"

तेवढ्यात बॉयलर आजोबांनी कानाला हात लावला. "काय म्हणतेय?"

"चुकलं म्हणतात!" शिवणबाई ओरडल्या.

"कोण चुकलं?"

"काकू!"

"रस्ता चुकल्या? रोजचा तर आहे!"

"रस्ता नाही हो, तेल!"

"तेल चुकलं?"

काकू पायरी उतरून त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "आजोबा! मी! चुकले! लोकांवर! खोटा आळ! घेतला!"

"आता पलीकडच्या गल्लीलाही कळलं," शिवणबाई म्हणाल्या. "आणखी एकदा म्हणा, नदीपार जाईल."

जज्जसाहेबांनी काठी टेकली. "आरोपीने कबुलीजबाब दिलेला आहे. शिक्षा..."

"शिक्षा मी घेतलीय, साहेब. चावी आत टेबलावर आहे. माझ्या गाडीत बसायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मला नवी गाडी पुरती कळत नाही, हे आज सिद्ध झालंय."

हे शेवटचं वाक्य म्हणताना मात्र आवाज थोडा खाली आला. तरीही नेमकं तेच बॉयलर आजोबांना ऐकू गेलं, किंवा ओठांवरून कळलं.

"मी सांगू?" ते म्हणाले. बहिऱ्या माणसाच्या त्या अतिमोठ्या, सपाट आवाजात. "आमच्या बॉयलरवर एक जण होता. कधी चुकायचाच नाही. काटा लाल रेघेच्या वर गेला, तर काटाच बिघडलाय म्हणायचा. मी तीनदा सांगितलं, त्याने तीनदा काट्यावर टिचकी मारली." त्यांनी स्वतःच्या कानावर बोटाने टिचकी मारली. "तेव्हापासून मला ऐकू येत नाही. हिच्या गाडीत चौदा वर्षं बसतोय. हीपण कधी चुकत नसे. खरं सांगतो, मनात धाकधूक असायची. आज गेली."

आणि ते व्हॅनकडे चालू लागले. दाराशी पोचून मागे वळले. "दार कोण उघडणार? उभं राहून पाय दुखले."

चावी घेऊन मॅनेजरबाईच बाहेर आल्या. दुसऱ्या हातात गाडीचं पुस्तक होतं, मध्ये बोट घातलेलं.

"काकू, मी आजवर शिक्क्यांच्या पुढे कधी गेलेच नव्हते. हे बघा. 'चालकाने दर आठवड्याला स्वतः तपासायच्या गोष्टी.' टायरची हवा, कूलंट, दिवे, वायपर, चाकांचे नट... चौदा आहेत. आणि पुढे चालकाच्या सहीला जागा सोडलीय. सगळी कोरी." त्यांनी चावी पुढे केली. "पैज तुम्ही हरलात, चावी टेबलावर आली, ती आता माझी. म्हणून मीच ठरवणार कुणाला द्यायची. पुढच्या सर्व्हिसिंगला तुम्ही काचेच्या आत उभं राहायचं. फोरमनशी बोललेय मी."

"उभी राहीन. आणि पाना?"

"तीन वर्षं नाही."

"रेघ?"

"रेघ काढा. फक्त ते म्हणाले, दुसरा एखादा रंग असेल तर बघा. गाडीखाली जांभळा पटकन दिसत नाही."

काकूंनी चावी घेतली. डोळ्यांत काहीतरी आलं होतं, ते त्यांनी बाहीला पुसलं आणि ताठ झाल्या. मग पुस्तकातली यादी वरपासून खालपर्यंत वाचली, सीटखालून हवेचा दाब मोजायचा मीटर काढला आणि पुढच्या चाकाशी उकिडव्या बसल्या.

"अहो काकू, पाच वाजून गेले!" आतून जज्जसाहेबांचा आवाज आला. "घरी वाट बघत असतील!"

"आणखी दहा मिनिटं बघतील. पट्टे लावून बसा." काकूंनी मीटर वाचला, पुस्तक गुडघ्यावर ठेवून सही केली आणि गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं पुकारलं, "पुढचं डावं, हवा बरोबर! चौदातलं एक झालं!"